हात लावू नये

आमच्या कॉलनीत कुणाच्या लेकराचा वाढदिवस जवळ आला की एखादी तरुण आई माझ्या दारात उभी राहते. "काकू, तुम्ही अंगणवाडीच्या मॅडम होतात ना? तीन वर्षांच्या पोराला खेळणं कोणतं घेऊ? त्याचं डोकं चाललं पाहिजे असं काहीतरी सांगा." मी चष्मा कपाळावर सरकवते आणि ऐटीत सांगते, सेल घालून आपोआप नाचणारं घेऊ नकोस, ते एकटंच खेळतं आणि पोरगं त्याच्याकडं बघत बसतं. ज्या खेळण्याचं एकच काम असतं ते चार दिवसांत पलंगाखाली जातं. रिकामं खोकं दे, झाकणाचे डबे दे, तुझी जुनी ओढणी दे, घेतलेच तर साधे लाकडी ठोकळे घे, आणि मग तू तिथून ऊठ. आया खूश होऊन जातात. एकीनं तर परवा हे सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

उत्तर बरोबर आहे, त्यात काही खोट नाही. पण ते मला कुणी शिकवलं हे कुणी विचारत नाही आणि मीही आपण होऊन सांगत नाही. सांगायला तोंड उघडलं की लाज वाटते. म्हणून लिहून टाकते.

मी पर्यवेक्षिका होते. अंगणवाड्यांवर देखरेख ठेवायची, गावोगाव भेटी द्यायच्या, सेविकांना शिकवायचं आणि वेळ पडली तर झापायचं, हे माझं काम. माझ्याकडं पिंगळीच्या अंगाची गावं होती. सकाळच्या गाडीनं परभणीहून पिंगळी स्टेशन आणि तिथून मिळेल त्या ऑटोनं पुढं. नोकरी मी जीव लावून केली, हे खरं. पण मला एक खोड होती, आणि ती अजून गेलेली नाही. मला नीटनेटकेपणाचं वेड आहे. माझ्या घरात चमचेसुद्धा एका दिशेला तोंड करून झोपतात. अंगणवाडीच्या दारातली चपलांची ओळ वाकडी दिसली तरी माझं डोकं सणकायचं, आणि डोकं सणकलं की उचलली जीभ लावली टाळ्याला. मी ऑटोत बसले की एका गावची सेविका दुसऱ्या गावच्या सेविकेला फोन करायची, "म्याडम निघाल्या गं." मला हे माहीत होतं आणि मला ते आवडायचं. वचक आहे, असं वाटायचं.

आता गंमत अशी की सेविकांच्या प्रशिक्षणात खेळण्यांवरचा तास माझ्याकडंच असायचा. मूल खेळातून आपलं जग उभं करतं, त्याच्या हातात मोकळं साहित्य द्या, खेळणं कमी आणि कल्पना जास्त, अशी वाक्यं मी तासभर धडाधड बोलायचे. बायका माना डोलवायच्या आणि वहीत उतरवून घ्यायच्या. आणि त्याच बायकांच्या अंगणवाडीत सरकारी खेळण्यांची पेटी आली की ती कपाटात जाऊन कुलूपबंद व्हायची. खेळणं मोडलं तर मॅडम विचारतील, ही भीती. त्या मॅडम म्हणजे मीच. भेटीच्या दिवशी पेटी बाहेर यायची, सतरंजीवर खेळणी ओळीनं मांडली जायची, मी ती बघून मान हलवायचे, आणि माझा ऑटो वळला की खेळणी परत कपाटात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. ती आपल्यालाच लागू पडेल असं कुणाला वाटत नाही.

स्टेशनापासून चारेक किलोमीटर आत एक गाव होतं. तिथली सेविका माझ्याच वयाची, दहावीपर्यंत शिकलेली, घरी तीन एकर कोरडवाहू. बोलायला साधी, आवाज मोठा, पदर सदा खोचलेला. अहवाल वेळेवर द्यायची, पण अक्षर असं की वाचताना माझी मान दुखायची. दिवाळी होऊन महिना झाला असेल. त्या दिवशी तिला माझी वर्दी मिळाली नव्हती, कारण आधीच्या गावच्या सेविकेचा फोन लागला नाही. मी ऑटोतून उतरले तर रस्त्यापर्यंत कालवा ऐकू येत होता.

आत गेले आणि बघतच राहिले. सुतळीचं एक पोतं कोपऱ्यात उपडं केलेलं आणि त्यातलं सामान सगळ्या खोलीभर. गोड्या तेलाचे रिकामे डबे, काठ चेपलेलं जर्मलचं ताट, करवंट्या, चिंचोके, दाणे काढलेली मक्याची कणसं, चिपाडाच्या केलेल्या गाड्या आणि चष्मे. फरशीवर हिरव्या काठाचं जुनं लुगडं लांब पसरलेलं आणि त्यावर पंधरा-सोळा लेकरं एकामागं एक दाटीवाटीनं बसलेली. सगळ्यांत पुढं चार वर्षांची एक पोरगी. ते चेपकं ताट तिनं दोन्ही हातांत धरलेलं, आणि ती ते गरागरा फिरवत ओरडत होती, "धरून बसा! घाट आलाय घाट!" सगळी लेकरं एका अंगाला कलंडली. मग तिनं ताट खाली ठेवलं. "कारखाना आला. उतरा. भांडे घ्या." लेकरं डबे-करवंट्या डोक्यावर घेऊन उतरली. तिनं लुगडं उचललं, एक पदर खिडकीच्या गजाला बांधला, दुसरा कपाटाच्या कडीला, झाली फडावरची खोपी, आणि आत वाकून बघत एकीला म्हणाली, "मी उसाला जायलेय. तू लेकरू बघ, रडू देऊ नको." लेकरू म्हणजे मक्याचं कणीस, चिंधीत गुंडाळलेलं.

आज हे लिहिताना मला एकेक शब्द आठवतो, म्हणजे मी ते नीट ऐकलं होतं. तरी मी काय म्हणाले? "हे काय चालवलंय?"

लेकरांच्या डोक्यावरचे डबे खाली आले. पोरगी लुगड्याखालून बाहेर आली, मला बघून भिंतीला जाऊन चिकटली. सेविका लगबगीनं पुढं आली. "म्याडम, लेकरं खेळायलेत. ही पोरगी हाय ना, हिचे मायबाप ऊसतोडीला गेलेत. चुलतीपाशी ठिवलंय हिला. दिवाळीपासून तोंडातून शबूद काढीना. घरीबी न्हाई, हितंबी न्हाई. एवढ्या ह्या खेळात तेवढी बोलती बगा. म्हणून मी म्हणलं, बोलू द्या तिला."

कुठल्याही शहाण्या माणसाला एवढं पुरलं असतं. मायबापांना घेऊन गेलेल्या त्या ट्रकमध्ये पोरगी रोज बसत होती आणि रोज त्यांच्यापाशी पोचत होती. मी ज्या गोष्टीवर तासभर भाषण द्यायचे ती माझ्यासमोर फरशीवर चालली होती, आणि माझी नजर मात्र कपाटाच्या कडीला बांधलेल्या लुगड्यावर. कडी निखळेल, असं मी म्हणाले. भेटीच्या वहीत लिहिलं, "वर्गात शिस्त नाही. परिसर अस्वच्छ." सही केली, तारीख टाकली. निघताना आठवण करून दिली की पुढच्या महिन्यात परभणीला खेळण्यांचं प्रदर्शन आहे, टाकाऊतून टिकाऊ, बक्षिसं आहेत. "तुम्हीपण काहीतरी दाखवण्याजोगं आणा," असं मी तिला म्हटलं.

ती म्हणाली, "आणते की म्याडम." तिचा चेहरा एकदम उजळला होता. मला तेव्हा कळलं नाही की ती दाखवण्याजोगं कशाला समजली.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये टेबलांवर पांढरे कागद अंथरलेले, त्यावर एकेकीची कलाकुसर. थर्माकोलचे ससे, टिकल्या लावलेली फुलपाखरं, आइस्क्रीमच्या काड्यांची घरं, चमकीच्या कागदाचे मोर. निम्म्याहून जास्त वस्तू सेविकांच्या कॉलेजातल्या पोरींनी नाहीतर भाच्यांनी केलेल्या, हे सगळ्यांना ठाऊक. मी परीक्षक होते, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून टेबलांवरच्या चिठ्ठ्याही मीच लिहिल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर गावाचं नाव आणि खाली ठळक अक्षरात, "कृपया हात लावू नये." खेळण्यांचं प्रदर्शन, आणि हात लावू नये! मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जिल्ह्याचे साहेब यायचे होते, कुणी चमकी खरवडली असती म्हणजे?

ती आली ती पोतं डोक्यावर घेऊन. नवीन लुगडं नेसली होती, केसांत गजरा होता. तिच्या टेबलापाशी गेली आणि पोतं कागदावर उपडं केलं. डबे खणखणत खाली गेले, चिंचोके हॉलभर उधळले, चेपकं ताट गोल गोल फिरत माझ्या पायाशी येऊन पडलं. सेविकांसोबत आलेल्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. आणि तेवढ्यात दारात साहेबांची गाडी लागल्याचं कुणीतरी सांगत आलं.

मी घाबरले होते, माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच. साहेबांसमोर माझ्या गावांची शोभा होणार, या भीतीनं मी तिच्यावर घसरले. "बाई, तुमच्या गावात भंगारवाला येत नाही का? त्याला द्यायचं सोडून हे इथं कशाला आणलंत?"

हॉल हसला. आणि खरं सांगते, तो हशा मला गोड लागला. आपण काहीतरी टोकदार बोललो की चारजणी हसतात, त्याची एक चटक असते. ती म्हणायला लागली, "म्याडम, ती पोरगी हाय ना, ती ह्याच्याशी..." मी तिला पुरतं बोलू दिलं नाही. "याच्यातून मुलं काय शिकणार? कचरा गोळा करायला?" आणखी एकदा हशा. या वेळी पहिल्यापेक्षा मोठा.

ती खाली बसून चिंचोके वेचायला लागली. एकेक चिंचोका वेचून ओच्यात टाकत होती, टेबलांच्या खाली वाकून, खुर्च्यांच्या मागं जाऊन. मी मनात म्हणत होते, किती वेळ लावते ही बाई, साहेब आत येतील. शेवटी तिनं पोत्यातून आलेल्या त्या हिरव्या काठाच्या लुगड्याची घडी केली, पोत्याचं तोंड बांधलं आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिचं टेबल रिकामं राहिलं. त्यावर माझी चिठ्ठी तेवढी होती.

पहिलं बक्षीस मी एका थर्माकोलच्या गावाला दिलं. देऊळ, विहीर, शाळा, कापसाचे ढग. साहेबांनी त्याच्यासोबत फोटो काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनंही वाजवल्या.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी मी त्या गावाला पुन्हा गेले. ऑटोतून उतरले तर शांत. मी मनाशी म्हटलंसुद्धा, सुधारली हो बाई. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता, रस्त्याला चिखल होता. दारात पायपुसणं टाकलेलं दिसलं तेव्हा आणखी बरं वाटलं. त्यावर चपला चांगल्या घासून, काढून, ओळीत ठेवून मी आत गेले.

लेकरं भिंतीला पाठ लावून एका रांगेत बसली होती. हाताची घडी, तोंडावर बोट. फरशी लख्ख. आणि कपाटावर, सगळ्यांच्या हाताच्या वर, थर्माकोलचं एक गाव. देऊळ, विहीर, शाळा, कापसाचे ढग. धूळ बसू नये म्हणून त्याला पारदर्शक कागद गुंडाळलेला. त्याच्या पुढं एक चिठ्ठी, तिच्या त्या वाकड्यातिकड्या अक्षरात: "क्रुपया हात लाऊ नए."

"तुमी म्हणल्यापरमानं केलंय म्याडम," ती म्हणाली. "भाच्याकून करून घेतलं परभणीतून. एकालाबी हात लावू देत न्हाई. बगा, आजून नवंच हाय." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तो शोधला, असता तर मला सोपं गेलं असतं. भांडता आलं असतं.

"आणि ते पोतं?" मी विचारलं.

"दिऊन टाकलं की भंगारवाल्याला. तुमीच म्हणलात. चिपाडाच्या गाड्या चुलीत गेल्या."

मी लेकरांच्या रांगेवरून नजर फिरवली. ती पोरगी सगळ्यांत शेवटी बसली होती, बोट ओठांवर असं घट्ट दाबून की ओठ पांढरे पडले होते. मी वाकून तिचं नाव विचारलं. ती माझ्याकडं बघत राहिली. पुन्हा विचारलं. सेविका म्हणाली, "आता न्हाई बोलत म्याडम. आदी खेळात तरी बोलायची, आता तेबी बंद झालं. चुलती म्हणायली, मुकी झाली का काय, दवाखान्यात दाखवावं का."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "ते लुगडं तरी आहे का? हिरव्या काठाचं?"

"हाय की. भंगारवाला कापड घेत न्हाई. मदतनीस बाईनं फाडून दारात पायपुसणं केलंय."

मी दाराकडं बघितलं. चिखलात माखलेलं होतं ते, माझ्याच चपलांच्या चिखलात, आणि कडेला बोटभर हिरवा काठ दिसत होता. त्या दिवशी मी भेटीच्या वहीत काय लिहिलं ते मला आठवत नाही. बाहेर येताना ते पायपुसणं ओलांडून आले एवढं आठवतं, आणि त्यानं काय होणार होतं, हेही तेव्हाच मनात आलेलं आठवतं.

घरी गेल्यावर मी बायकोला मारून पस्तावलेल्या नवऱ्यासारखी संध्याकाळभर उगाच सगळ्यांशी गोड वागत होते. यजमानांनी विचारलंसुद्धा, बरं नाही का तुला? आठ दिवसांनी मी माझ्या घरातले डबे गोळा केले. बरण्यांची झाकणं, दोन जुनी ताटं, शेजारच्या किराणा दुकानातून खोकी, आणि माझी एक जुनी सुती साडी. सगळं पिशव्यांत भरलं आणि पिंगळीची गाडी धरली. गाडीत बसल्या बसल्या मी वाक्य जुळवत होते. "बाई, माझं चुकलं. तुमचं बरोबर होतं." अवघी दोन वाक्यं. स्टेशन येईपर्यंत ती माझी पाठ झाली होती.

तिच्यासमोर उभी राहिले तर मदतनीस बाजूला, दोन आया लेकरांना सोडायला आलेल्या. मी पिशव्या खाली ठेवल्या. ती म्हणाली, "हे काय म्याडम?" आणि माझ्या तोंडातून आलं, "वरून सूचना आली आहे. मुलांना मोकळ्या साहित्याशी खेळू द्यायचं. घरातलं, परिसरातलं काहीही चालेल."

कुठलं वर आणि कुठली सूचना! माझ्याच डोक्यातून निघालेली, माझ्याच तोंडानं सांगितलेली. चूक कबूल करण्यापेक्षा मला सरकारच्या नावानं खोटं बोलणं सोपं गेलं.

पिशवीतला एक डबा उचलून तिनं बोटानं वाजवून बघितला. मग म्हणाली, "बरं झालं म्याडम. वरच्यायला तरी कळलं."

मी "हो" म्हणाले.

आम्ही दोघींनी सगळं फरशीवर ओतलं, साडी पसरली. "खेळा रे," सेविका म्हणाली. एकही लेकरू हललं नाही. दोन-अडीच महिने हात लावू नये हे शिकलेली लेकरं होती ती. ती पोरगी हळूच उठली, साडीपर्यंत आली, दोन्ही हात पाठीमागं धरून उभी राहिली. तिनं सेविकेकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मी हसले, मान हलवली, "घे ना, घे" म्हटलं. ती एक पाऊल मागं सरकली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी तिथं आहे तोवर कुणी खेळणार नाही. मी उठून बाहेर गेले, भिंतीच्या आडोशाला रस्त्यावर उभी राहिले आणि चोरासारखा कान लावला. बराच वेळ काही नाही. मग एक डबा पडल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग दोन पोरांचं भांडण. मी "धरून बसा, घाट आलाय" ऐकायला थांबले होते. ते आलं नाही. ऑटोवाला भोंगा वाजवायला लागला तेव्हा निघाले. कॉलनीतल्या आयांना मी "मग तू तिथून ऊठ" म्हणून जे सांगते ते त्या भिंतीपाशी शिकले आहे.

पुढच्या भेटीत पोरगी तिथं नव्हती. तिचे मायबाप कारखाना बंद झाल्यावर परतले होते, तिला घेऊन मामाच्या गावाला गेले होते. नंतर माझ्याकडची गावं बदलली, मला दुसरा भाग मिळाला. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सेविकेला फोन करून ती दोन वाक्यं बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं. तिचा नंबर माझ्याकडं होता. दर संक्रांतीला तिचा तिळगुळाचा मेसेज यायचा, मी उलट फुलांचं चित्र पाठवायचे.

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. परभणीत निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता, त्याच हॉलमध्ये. शाल, नारळ, पुष्पगुच्छ, आणि एकेकीची भाषणं. मॅडम शिस्तीच्या होत्या, मॅडम वरून कडक पण आतून मायाळू, असं चाललेलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून ती उठली. आता केस निम्मे पांढरे झाले होते, पण पदर तसाच खोचलेला. तिच्यासोबत सात-आठ वर्षांची, दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती. सेविकेनं माईक हातात घेतला. वाटलं, आज ही सगळं काढते. वाटलं, काढू दे एकदाचं.

ती म्हणाली, "मला जास्त बोलता येत न्हाई. ही पोरगी बोलत नव्हती. मुकी झाली म्हणायचे लोक. म्याडमनी आमाला सांगितलं, लेकरायला डब्या-खोक्याशी खेळू द्या. सोताच्या घरून सामान आणलं, सोताची साडी आणली. वरून सूचना आणली. ही पोरगी मामाच्या गावाहून आली आन् त्या साडीत खेळता खेळता बोलायला लागली. आता वर्गात तिला गप बसवावं लागतंय. हे म्याडममुळं झालं."

हॉलनं टाळ्या वाजवल्या. या टाळ्या माझ्या कानात अजून आहेत. त्या टाळ्या ज्या बाईच्या होत्या ती बाई माईक हातात धरून माझ्याकडं कौतुकानं बघत होती, आणि मी स्टेजवर शाल पांघरून बसले होते. उठून माईक घेता आला असता. त्याच हॉलमध्ये, त्याच बायकांसमोर, जिथं हसवलं तिथंच खरं सांगता आलं असतं. मी हात जोडले आणि मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

कार्यक्रम संपल्यावर ती मुलीला घेऊन माझ्यापाशी आली. मला त्या मुलीचा आवाज ऐकायचा होता, इतक्या वर्षांनी. मी वाकून विचारलं, "मला ओळखलंस का गं?"

"व्हय," ती खणखणीत म्हणाली. "तुमी आल्या की हाताची घडी घालायची."

आणि तिनं मला घालून दाखवली. हाताची घडी, तोंडावर बोट. सेविका हसली, आजूबाजूच्या बायकाही हसल्या, मीही हसले. तिची घडी सोडवायला माझे हात मोकळे नव्हते, एकात नारळ, एकात गुच्छ, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे शेजारीच टेबल होतं.